संत्र्यावर टू-फोर-डी (फळगळ थांबवायचं औषध) मारलं, तरी रिपोर्टात शून्य! एक्स्ट्रॅक्शनमध्ये काय चुकलं?

वरूडचा_पोट्टा:
एमेस्सीचा प्रोजेक्ट हाय, घरच्याच बागेतल्या आंबिया बहाराच्या संत्र्यातले औषधाचे अंश काढून राह्यलो. क्वेचर्स पद्धत, म्हणजे 10 ग्रॅम लगदा, 10 मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, मंग 4 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट न 1 ग्रॅम मीठ, हलवा न सेंट्रीफ्यूज फिरवा. संत्री हिरवट होती, सालीसकट दळल्यावर अर्क हिरवागार झाला म्हणून क्लीनअपले (अर्क साफ करायले) पीएसए नावाच्या पावडरीसंगं काळा कार्बनबी टाकला, अंदाजानंच. अर्क पाण्यासारखा साफ! वायल थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून एसटीनं नागपूरच्या लॅबले नेल्या. आता पाहा, मुद्दाम औषध टाकलेल्या सॅम्पलमधीबी टू-फोर-डी शून्य, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची रिकव्हरी (टाकलेल्यापैकी सापडलेलं) 38 टक्के न इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक 90 च्या वर. बाबानं फळगळ थांबवायले टू-फोर-डी न कार्बेन्डाझिम एकाच टाकीत मारलं होतं, पंप मीच धरला होता. सर म्हणतात मशीनचा दोष.

लॅबवाली_ताई:
मशीनला कशाला बोल लावता, इमिडाक्लोप्रिड बरोबर आलंय ना. अर्क एवढा साफ झाला तिथंच शंका यायला पाहिजे होती. पीएसए फळातली आम्लं धरून ठेवतं, आणि टू-फोर-डी स्वतःच आम्ल आहे, तेही त्यातच अडकलं. कार्बन चपट्या रेणूंना चिकटवतो, म्हणून हिरवा रंग जातो, पण कार्बेन्डाझिमही तसंच चपटं. टू-फोर-डीसाठी क्लीनअपच्या आधीचाच अर्क गाळून एलसीएमएसला (अंश मोजायच्या मशीनला) निगेटिव्ह मोडमध्ये, म्हणजे ऋण आयन मोजायच्या सेटिंगवर, द्या. बाकीच्यांना 1 मिली अर्काला 25 मिलिग्रॅम पीएसए पुरे, कार्बन घालायचाच तर 2.5 मिलिग्रॅम, चमच्यानं नाही 😄 रिकव्हरी 70 ते 120 मध्ये बसली पाहिजे. आणि स्टँडर्ड (तुलनेसाठीचं माहीत प्रमाणाचं द्रावण) नुसत्या सॉल्व्हंटमध्ये नको, बिनफवारणीच्या संत्र्याच्या अर्कात बनवा, सालीतलं तेल सिग्नल दाबतं.

काटोल_संत्रा:
आमी त साल फेकून देतो, मंग साल कायले दळता भाऊ? न फळं धुऊन घेतली का?

लॅबवाली_ताई:
एमआरएल, म्हणजे औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा, अख्ख्या फळावर असते दादा, म्हणून सालीसकट. आणि धुवायचं अजिबात नाही. किमान 10 फळं, 1 किलोच्या वर, वेगवेगळ्या झाडांची, एकाच झाडाची तोडून आणू नका. फोडी रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवून गोठलेल्याच दळा, नाहीतर साल एकीकडे आणि रस एकीकडे होतो. मीठ टाकल्याटाकल्या लगेच जोरात हलवा, मॅग्नेशियम सल्फेट ओलं झालं की तापतं आणि ढेकूळ धरतं. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारलं असेल तर ते या पद्धतीत शोधूच नका, त्याला कार्बन डायसल्फाइडची वेगळी टेस्ट लागते.

वरूडचा_पोट्टा:
ताई, कार्बन चमच्यानंच टाकला होता, तुमाले कसं समजलं 🙏 उरलेला लगदा घरच्या फ्रीजरमधी हाय, कालच आईनं तो डबा सरबतासाठी काढला होता, थोडक्यात वाचला. सोमवारी लॅबमधी नेतो.