सादळलेलं की खवट? दिवाळीच्या डब्यांचे अनुभव इथे सांगा

संत्र्याची फोड
भाऊबीजेला भाच्यानं करंजी उचलली, नाकाशी नेली आणि गुपचूप ताटात परत ठेवली. आठच दिवसांपूर्वीची करंजी! पारी खुसखुशीत, रंग छान बदामी, डबा घट्ट झाकणाचा. मोडून सारण चाखलं तेव्हा कळलं, खोबरं साबणासारखं लागत होतं. गणपतीत नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला कीस उरला होता, तोच वापरला होता मी. तळण निर्दोष, खोबरंच जुनं. आता किसायच्या आधी वाटीचा तुकडा चावून बघते.
तुम्ही तळलेलं कसं ठेवता, बिघडलेलं कसं ओळखता? करंजी, शंकरपाळे, सांबारवडी, समोसा, काहीही चालेल.

महालची सून
लग्नानंतरची पहिली दिवाळी. करंज्या कोमट असतानाच डब्यात भरल्या. सकाळी झाकणाच्या आतून थेंब आणि करंज्या चिवट. सासूबाई काही बोलल्या नाहीत. झाकण फक्त उलटं करून ओट्यावर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.
दिराच्या ओव्हननं वाचवलं. 150 अंशांवर आठ-दहा मिनिटं, मग पूर्ण गार. गरम असताना मऊच लागतात, घाबरून आणखी भाजू नका. आता परातीत पसरून वर पातळ फडकं घालते, अगदी गार झाल्यावरच डबा. खाली वर्तमानपत्र नको, शाई लागते.

फल्लीतेल
सादळणं हे पाण्याचं काम, खवट होणं तेलाचं. पाणी ओव्हनमध्ये उडून जातं, बिघडलेलं तेल कशानंच सुधरत नाही. परत तळून वास जातो म्हणणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.
हवा, उजेड आणि उष्णता, तिन्ही तेलाचे वैरी. आमच्याकडे शंकरपाळ्यांची काचेची बरणी खिडकीत, शोभेला! वरचा थर आधी खवट झाला, खालचा बरा होता. वास कळत नसेल तर एक शंकरपाळा तव्यावर किंचित कोमट करा. गार असताना लपलेला वास लगेच वर येतो.

तर्री कमी
सांबारवडीचं सांगतो. (पुणेकरांसाठी: आमचा सांबार म्हणजे कोथिंबीर.) बहिणीला पुण्याला न्यायची होती. आईनं पूर्ण तळून, गरमागरम डब्यात दिली. रात्रीची गाडी, सकाळी पुण्यात डबा उघडला तर पारी ओली आणि सारणाला आंबूस वास. सांबार ओलाच असतो, मीठ लागलं की आणखी पाणी सोडतो, वरून आपण वाफ कोंडतो. करंजीसारखी ती टिकणार कशी?
पुढच्या वेळी आईनं सांबार धुऊन रात्रभर कपड्यावर सुकवला आणि तेलात जरा जास्तच परतला. वड्या अर्ध्या कच्च्या तळल्या, गार केल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या. निघताना बर्फाच्या पिशवीसोबत बांधून दिल्या. बहिणीनं तिकडे पोचल्या पोचल्या मंद आचेवर परत तळल्या. जावईबापूंनी सहा हाणल्या. त्याच दिवशी संपवायच्या मात्र, उरवायच्या नाहीत.

बर्डीचा पायदळ
मी विकत घेऊन खाणारा माणूस. समोसा बाहेरून चटका देणारा आणि आत बटाटा थंडगार, म्हणजे परत तळलेला. कडा काळपट आणि घशाला खवखव, की तेलही जुनं. एका ठिकाणी विचारलं तर म्हणे, 'ताजाच आहे भाऊ, आत्ताच काढला.' काढला आत्ताच बावा, पण केला कधी?
सुट्या मिठाईपुढे 'या तारखेपर्यंत खावे' लिहिणं एफएसएसएआयनं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक केलं. खव्याची करंजी घेताना मी ती पाटी शोधतो. समोशाच्या परातीला पाटी नसते, तिथे बोटानं दाबूनच बघावं लागतं.

संत्र्याची फोड
@फल्लीतेल, हे आमच्या घरी येऊन सांगा. चौदा करंज्या उरल्यात आणि नवऱ्याचं अजून चालूच आहे, 'चहासोबत काही कळत नाही.'