सरकारी कर्मचाऱ्याचे खासगीपण आणि नागरिकाचा माहितीचा अधिकार: रेषा कोठे ओढावी?

गावचा अर्जदार (चर्चेचा प्रस्ताव)

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आणि माहिती अधिकार कायद्यात बदल करणारे त्यातील कलम ४४(३) नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आले. तेव्हापासून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये एवढेच उरले आहे की, वैयक्तिक स्वरूपाची माहिती देण्याचे बंधन नाही. पूर्वी अशी माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात अकारण ढवळाढवळ होईल, हे पाहावे लागे. आणि एवढे असूनही व्यापक जनहित दिसले तर ती देता येत असे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, हे परंतुकही (कलमाला जोडलेली अटही) त्याबरोबर गेले.

कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळाले याबद्दल माझी तक्रार नाही. ते आधीही होते. जन माहिती अधिकाऱ्याला आता तोलून पाहण्याची गरज उरली नाही, ही माझी तक्रार आहे. पूर्वी नकार देताना त्याला चार ओळींचे तरी कारण लिहावे लागे आणि प्रथम अपिलात त्या कारणावर बोट ठेवता येई. एका कर्मचाऱ्याला मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत असल्याबद्दल घरभाडे भत्ता मिळतो, आणि तो गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडलेला असतो. त्या ठरावाची प्रत मी मागितली, तर ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या दोन शब्दांत मला परत पाठवण्यात आले. भर सभेत हात वर करून झालेला ठराव वैयक्तिक कसा होतो, हे मला कोणी समजावून सांगावे.

जिल्हा परिषद शिक्षिका

ठराव आपल्याला मिळायलाच हवा होता, याबद्दल दुमत नाही. परंतु आपण जी बाजू पाहिली तिच्या पलीकडे आम्ही उभ्या आहोत. माझ्या संपूर्ण सेवापुस्तकाची प्रत, पाच वर्षांचे रजेचे अर्ज आणि त्यांना जोडलेली वैद्यकीय प्रमाणपत्रे, असा अर्ज एका गृहस्थांनी केला होता. त्यांचा शाळेशी काडीचाही संबंध नव्हता. भावकीतला शेताच्या बांधाचा वाद होता. कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही, म्हणून दहा रुपयांचे शुल्क भरून कोणीही माझ्या गर्भारपणातील कागद मागू शकतो. सेवापुस्तकात जन्मतारीख, जात, शरीरावरील ओळखीच्या खुणा, वारसांचे नामनिर्देशन, सारे काही असते. माझा मासिक पगार कलम ४(१)(ख) खाली कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा आहे आणि तो जरूर करावा, कारण तो जनतेचा पैसा आहे. माझे आजारपण जनतेच्या पैशाने विकत घेतलेले नाही.

वकील, विदर्भ

दोघांनीही २०२५ ला आवश्यकतेपेक्षा जास्त महत्त्व दिले आहे, असे मला वाटते. दार बरेच आधी लोटले गेले होते. गिरीश रामचंद्र देशपांडे या अर्जदाराच्या प्रकरणात अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्ता, एवढेच काय, मुलाच्या लग्नातील आहेराचा तपशीलही मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सांगितले की, कर्मचाऱ्याची कामगिरी ही मुख्यतः तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातील बाब आहे. (आहेराबद्दल मी न्यायालयाशी पूर्ण सहमत आहे, शिक्षेच्या आदेशाबद्दल आजही नाही.) पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. शिवाय कलम ८(२) अजून जागेवर आहे: होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल, तर अपवादात मोडणारी माहितीही देता येते.

गावचा अर्जदार

वकीलसाहेब, ‘देता येते’ आणि ‘द्यावी लागते’ यांत जे अंतर आहे, तेवढ्यातच सामान्य अर्जदार अडकतो. कलम ८(२) प्राधिकरणाला मुभा देते, आणि जनहित आहे हे सिद्ध करण्याचा भार प्रत्यक्षात माझ्यावर येऊन पडतो. जो कागद मी पाहिलेलाच नाही त्यात जनहित दडले आहे, हे मी कसे सिद्ध करावे? जुन्या शब्दांचा उपयोग होत नव्हता, हेही खरे नाही. पुणे जिल्हा न्यायालयाच्या २०१८ च्या कनिष्ठ लिपिक भरतीत इतर उमेदवारांचे गुण मागणाऱ्या उमेदवाराला मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये न्याय दिला, तो याच जुन्या कलमाचा अर्थ लावून. सार्वजनिक पदाच्या भरतीतील गुण सार्वजनिक कामाशी जोडलेले आहेत, असे आता कोणत्या शब्दांच्या आधारे म्हणायचे?

बदल्यांचेही तसेच. बदलीत आधी विचार होणाऱ्या शिक्षकांच्या ‘विशेष संवर्ग भाग एक’ या गटात दिव्यांग शिक्षकांना प्राधान्य मिळते, ते मिळायलाच हवे. पण बनावट प्रमाणपत्र दाखवून कोणी सोयीची शाळा पदरात पाडून घेतली, तर ज्याची जागा गेली त्याने प्रमाणपत्र पाहायचेही नाही का?

जिल्हा परिषद शिक्षिका

पडताळणी वैद्यकीय मंडळाकडून करून घ्यावी. शिक्षक कक्षात नव्हे. खोटे प्रमाणपत्र देणारा एक असतो आणि त्याच्या निमित्ताने खऱ्या दहा जणांच्या व्यंगाची गावभर चर्चा होते.

वकील, विदर्भ

यासाठीच कलम १० आहे: जो भाग उघड करता येत नाही तो काळा करून उरलेला द्यायचा. आजाराचे वर्णन झाकून प्रमाणपत्राचा क्रमांक, दिनांक, देणारे रुग्णालय आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी द्यावी. सुधारणेनंतर अधिकारी इतकी तसदी घेतील का, ही शंका मात्र मला अर्जदारांइतकीच आहे, कारण नकारपत्राचा तयार नमुना भरायला दोन मिनिटे लागतात आणि ओळी काळ्या करायला अख्खी दुपार.

गावचा अर्जदार

एवढे मिळाले तर माझी हरकत नाही. क्रमांक हाती असला की पुढची तक्रार करता येते.

जिल्हा परिषद शिक्षिका

क्रमांक, दिनांक आणि रुग्णालय मला मान्य आहे. टक्केवारी नको. प्राधान्यासाठी लागणारी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची पात्रता पूर्ण होते की नाही, एवढेच ‘होय’ किंवा ‘नाही’ असे कळवावे. पन्नास की सत्तर, हे अर्जदाराला कळून बदलीचा निर्णय बदलत नाही, पण माझ्याकडे पाहणाऱ्या पालकांची नजर बदलते.