रात्री पायांना चैन पडत नाही, हिमोग्लोबिन ठीक आहे, मग तपासायचं काय?

शेवंती
आईचं वय ६१. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पंधरा-वीस मिनिटांत पोटऱ्यांच्या आत वळवळायला लागतं. दुखत नाही, बधिर होत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की थांबतं, आडवं झालं की पुन्हा सुरू. पहाटे चारनंतर आपोआप शांत. दिवसा काही नाही, फक्त लांबच्या प्रवासात संध्याकाळी बसून राहिलं की असंच होतं. हिमोग्लोबिन १२.६, साखर आणि कॅल्शियम नॉर्मल. दोन महिने मॅग्नेशियम चालू आहे, फरक शून्य. थायरॉइडची गोळी सकाळी असते. अंगाला खाज येते म्हणून रात्री क्लोरफेनिरामाइन घेते, तेवढीच झोपही लागेल म्हणून.

हे पेटके आहेत की दुसरं काही? आणखी कोणती तपासणी करावी? आणि रात्री दोन वाजता त्या घडीला नेमकं काय करायचं?

कवडसा
पेटके नाहीत. पेटका आला की पोटरी हाताला दगडासारखी लागते, कळ जाते आणि पंजा वर ओढून धरला की गोळा सुटतो. इथे स्नायू मऊच राहतो. मधुमेहात नसा बिघडतात तसंही हे दिसत नाही. त्यात तळव्यांची आग होते, सुन्नपणा येतो, आणि चालल्याने ते जात नाही. पाय हलवण्याची अनावर ओढ, स्थिर असताना सुरुवात, हालचालीने लगेच आराम, संध्याकाळनंतर जोर ही चारही लक्षणं तुमच्या वर्णनात आहेत. ती एकत्र आली आणि दुसऱ्या कशाने त्यांचा उलगडा होत नसला, की त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. निदान या बोलण्यावरच होतं, त्यासाठी एमआरआय लागत नाही.

आता पहिलं काम ती खाजेची गोळी. क्लोरफेनिरामाइन मेंदूत शिरते म्हणूनच गुंगी येते, आणि तिथे शिरली की पायांची वळवळ वाढवू शकते. झोपेसाठी घेतलेली गोळीच पाय जागे ठेवते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच तयार औषधांत हीच असते, म्हणून वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा. खाजेसाठी फेक्सोफेनाडिनसारखी, मेंदूत फारशी न जाणारी गोळी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, नैराश्यावरच्या अनेक गोळ्या (मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, एस्सिटालोप्राम) यांनीही त्रास वाढतो. मात्र नैराश्याची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

दुसरं, फेरिटिन. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातलं लोह, फेरिटिन म्हणजे कणगीतलं. कणगी तळाला गेली तरी वापरातलं बराच काळ ठीक दिसतं. मेंदूत डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, आणि या आजारात मेंदूतला लोहाचा साठा कमी आढळतो. घोटाळा होतो तो रिपोर्ट वाचताना. बऱ्याच लॅबमध्ये नॉर्मलची खालची रेघ १५ च्या आसपास असते, त्यामुळे २०-३० आलं तरी खाली 'नॉर्मल' छापलेलं असतं आणि कागद फाइलला लागतो. या आजारात मोठ्या माणसांसाठी रेघ ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची धरतात.

रक्त सकाळी उपाशीपोटी द्या. लोहाची गोळी किंवा लोह असलेलं मल्टिव्हिटॅमिन किमान २४ तास आधी थांबवा. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना तपासू नका, तेव्हा फेरिटिन खोटं वर जातं. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह चढलंय ते) करा. ते २० टक्क्यांखाली असेल तर फेरिटिन बरं दिसूनही लोह कमी धरावं. क्रिएटिनिन राहिलं असेल तर तेही करून घ्या, कारण किडनीच्या आजारात ही वळवळ बरीच आढळते.

तिसरा_प्रहर
रात्री दोनबद्दल लिहितो. दात-ओठ खाऊन पडून राहणं ही सगळ्यात मोठी चूक. पहिली वळवळ जाणवली की उठायचं. पाच-दहा मिनिटं घरातच चाला. मग भिंतीला दोन्ही हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट; ३० सेकंद थांबा. त्याच जागी मागचा गुडघा किंचित वाकवून आणखी ३० सेकंद. गुडघा सरळ असताना पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणला जातो, वाकवल्यावर त्याच्या खालचा. दोन्ही पायांना दोन-तीन वेळा. टाच उचलली गेली तर काहीच ताणलं जात नाही, आणि नेमकी तीच उचलली जाते.

त्यानंतर पाणी. कुणाला गरम मानवतं, कुणाला गार. एका रात्री एकच करून पाहा, म्हणजे कशाने बरं वाटलं ते कळेल. गुडघ्यापर्यंत पाय बुडतील एवढ्या पाण्यात १० ते १५ मिनिटं पुरे. तळव्यांना संवेदना कमी असतील तर पाण्याचा अंदाज कोपराने घ्या, पायाने नाही. पोटऱ्या चेपायच्या तर वरवर हात फिरवून उपयोग नाही, अंगठ्याने खोलवर दाबून वर सरकवत जा.

आणि डोक्याला काम द्या. अर्धवट पेंगत असताना वळवळ सर्वात बोचते, मन गुंतलं की कमी होते. शब्दकोडं, विणकाम, हिशोबाची वही, काहीही चालेल. मोबाइल मात्र नको, त्याने झोप आणखी लांबते.

पहाटे शांत होतं हे वेळापत्रकात वापरून घ्या. सकाळी लवकर उठायची सक्ती नसेल तर दहाऐवजी बारा-साडेबाराला झोपणं आणि आठला उठणं परवडतं. दुपारनंतर चहा-कॉफी नको. दारू आणि तंबाखूही यात बाधते. रोजचा मध्यम व्यायाम उपयोगी, पण रात्री उशिरा दमछाक होईल असा केला तर त्याच रात्री भोवतो.

मॅग्नेशियमबद्दल: या आजारात त्याचा भक्कम पुरावा नाही. दोन महिन्यांत फरक नाही तर थांबवायला हरकत नाही.

शेवंती
रिपोर्ट आले. फेरिटिन २८, सॅच्युरेशन १५ टक्के, क्रिएटिनिन ठीक. खाजेची गोळी डॉक्टरांनी बदलली. लोह सुरू करायचं आहे, आणि 'त्याने नाही थांबलं तर रोपिनिरोल देऊ' म्हणाले. लोह कसं आणि किती दिवस घ्यायचं? थायरॉइडच्या गोळीशी भांडण होईल का? रोपिनिरोल कशी असते?

कवडसा
लोहाचं आधी. वेष्टनावर दोन आकडे असू शकतात, एक क्षाराचा आणि एक मूळ लोहाचा. फेरस सल्फेट ३२५ मिलिग्रॅम म्हणजे मूळ लोह साधारण ६५. तेवढं दिवसातून एकदा किंवा दिवसाआड, सोबत व्हिटॅमिन सी १०० मिलिग्रॅम. दिवसातून दोनदा घेऊन लवकर भरत नाही. एक गोळी घेतली की शरीरात हेपसिडिन वाढतं आणि ते पुढचा दिवसभर आतड्यातून लोह नीट शिरू देत नाही. जास्तीचं पोटात राहून मळमळ आणि बद्धकोष्ठता तेवढी वाढवतं.

पोट रिकामं हवं, म्हणजे जेवणानंतर दोन तास. दूध, चहा, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधं यांपासूनही दोन तास लांब. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास, नाहीतर लोह तिला आतड्यातच बांधून ठेवतं आणि टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वर जातो. ती सकाळी असते, तेव्हा लोह रात्री झोपताना घेतलं की भांडणच मिटलं. शौचाचा रंग काळपट होईल, ते अपेक्षित आहे. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शौच झाली तर तो रक्तस्राव असू शकतो, लगेच दाखवा. डबी घरातल्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, लोहाच्या मोजक्या गोळ्याही मुलांना घातक ठरतात.

आराम आठवड्यात येत नाही. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा करा, आदल्या दिवशी गोळी वगळून. तरीही वर सरकलं नाही तर ते शोषलं जात नाहीये. ॲसिडिटीची गोळी कायम चालू आहे का ते पाहायचं, आणि शिरेतून लोह देण्याचा विचार करायचा.

याहून महत्त्वाचं एक. पाळी बंद झालेल्या बाईचं लोह उगाच कमी होत नाही. जठरात किंवा आतड्यात नकळत रक्त झिरपतंय का, हे पाहिल्याशिवाय नुसतं लोह भरत राहू नका. ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपीबद्दल स्वतःहून विचारा. पायांच्या गडबडीत हेच राहून जातं.

मुक्काम
रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल एकाच कुळातल्या, मेंदूत डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या. पहिले काही महिने जादू वाटते. मग दहाला सुरू होणारी वळवळ सातला येते, पुढे चारला, हातांतही शिरते. साहजिकच डोस वाढवला जातो. दोन आठवडे बरं वाटतं आणि मग सगळं आणखी अलीकडे सरकतं. याला ऑगमेंटेशन म्हणतात. इथे औषधच आजार वाढवत असतं, त्यामुळे डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. शिवाय काही जणांना जुगार, बेसुमार खरेदी, सतत खाणं असे नाद लागतात. ते औषधामुळे होतंय हे घरच्यांना कळतच नाही आणि माणूस बदनाम होतो.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्यावरही देतात त्या गोळ्या) वर आहेत, आणि रोपिनिरोल-प्रामिपेक्सोल नेहमीच्या वापरासाठी नकोत असा सल्ला आहे. गॅबापेंटिन-प्रेगाबालिनही निर्धोक नाहीत. चक्कर, दिवसा सुस्ती, पायावर सूज, वजन वाढणं हे होतं. वय झालेल्या माणसाचा रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, म्हणून सुरुवात लहान डोसने करतात. गोळी त्रास सुरू होण्याआधी एक-दोन तास घ्यायची. वळवळ सुरू झाल्यावर घेतली तर ती रात्र गेलीच. किडनी मंद असेल तर डोस कमी लागतो. घोरणं, झोपेत श्वास थांबणं किंवा अफूवर्गातलं वेदनाशामक चालू असेल तर ते आधी सांगायलाच हवं.

आईंच्या बाबतीत खाजेची गोळी बदलली आहे आणि लोह सुरू होतंय. आठ ते बारा आठवडे रोज एक ओळ लिहा: वळवळ किती वाजता सुरू झाली, ० ते १० पैकी किती, किती वेळा उठावं लागलं. सुरू होण्याची वेळ हा या वहीतला सर्वात कामाचा आकडा. तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि रोपिनिरोलऐवजी गॅबापेंटिन चालेल का, असं सरळ विचारा. आणि हे वाचणाऱ्या कुणाची रोपिनिरोल आधीच चालू असेल तर ती एका रात्रीत सोडू नका. एकदम बंद केली की आठवडा-दोन आठवडे झोपच उडते आणि वळवळ दुपटीने येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी उतरवायची.