अनुभव धागा : कॅमेरे, लेन्स आणि आपलं खान्देशी ऊन

तापीकाठ

शेजारच्या पोराने नवा मिररलेस कॅमेरा घेतला. परवा दाखवायला आला आणि विचारतो कसा, "काका, रोल धुवायचा म्हणजे पाण्याने धुवायचा का?" रोल धुणं म्हणजे केमिकलने फिल्मवर फोटो उमटवणं, हेच त्याला माहीत नाही. त्या प्रश्नाने दुपारच्या झोपेचं खोबरं झालं, म्हणून हा धागा काढतोय.

माझी सुरुवात वडिलांच्या आग्फा क्लिक थ्रीवर झाली. १२० चा रोल, त्यात १२ फोटो. मागे लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यात पुढचा आकडा दिसेपर्यंत रोल फिरवायचा. फोकसची भानगडच नाही. नोकरी लागल्यावर याशिका एफएक्स-३ सुपर २००० घेतला. त्याचे दोन बटनसेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी, शटर पूर्ण यांत्रिक, त्यामुळे सेल संपले तरी काही अडायचं नाही. आणि मार्च ते जून भुसावळात मीटर हवाच कोणाला? १०० ची फिल्म, एफ १६ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), शटर १/१२५, की झालं काम. ३६ च्या रोलमधून ३७ वा फोटो काढण्यात जो आनंद होता तो आता मेमरी कार्डात नाही. मात्र तो ३७ वा कायम एखाद्या मानाच्या पाहुण्याचा असायचा आणि नेमका अर्धा कापला जायचा. एक मावसे त्यावरून आजही टोमणा मारतात.

तुम्ही पण लिहा. पहिला कॅमेरा, जीव जडलेली लेन्स, ऊन-धूळ, काहीही. कंपन्यांवरून भांडू नका (भांडणारच, माहीत आहे).

वरणबट्टी

हजेरी लावून ठेवते. कुकर लावलाय, नंतर सविस्तर.

सुकी_गिरणा

कोडॅक केबी १०. बस्स. नव्वदच्या दशकात ज्याच्याकडे नव्हता त्याने हात वर करा.

निंबाचा_पार

🙋 आमच्याकडे नव्हता. मामाचा आणायचो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला). झोक्यावरच्या बहिणींचे फोटो काढायला. सगळ्या हललेल्या. एकीचे फक्त पाय.

हायपो

तापीकाठ दादा, तुम्ही कुठली आठवण काढलीत. आमच्या वडिलांचा अमळनेरला स्टुडिओ होता. पडद्यावर रंगवलेला बंगला, कारंजं आणि एक हरीण. बाहेर ४४ डिग्री आणि आत डार्करूममध्ये पंखा नाही, कारण धूळ उडून निगेटिव्हवर बसते. डेव्हलपर २० डिग्रीला वापरायचं असं पाकिटावर छापलेलं, आणि आमच्या टाकीतलं पाणी हात पोळेल असं. मग बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची माझी ड्यूटी. गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर, घरी येईपर्यंत अर्धी रस्त्यावर सांडलेली. लादी फोडून मोठ्या घमेल्यात टाकायची आणि घमेल्यात केमिकलचा ट्रे ठेवायचा. बर्फ थेट केमिकलमध्ये नाही टाकायचा, ते पातळ होतं. एवढं करूनही मे महिन्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडायचा, बोट लागलं की सोलून यायचा. म्हणून बाबा वेगळं तुरटीचं पाणी करायचे, त्याने तो थर कडक होतो.

लाल दिव्यात कोऱ्या कागदावर आधी केस उमटायचे, मग भुवया, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर बाबा केसांवरूनच नाव सांगायचे.

नंतर रंगीत आलं, लॅब आली, ट्रे आईने पापड वाळवायला घेतले. (धुऊन. चार वेळा धुऊन. तरी आजी खायची नाही.)

सुकी_गिरणा

पापडाचं वाचून हसू आवरेना 😂

वरणबट्टी

हायपो भाऊ काय लिहिलंय! वडील आहेत का अजून?

हायपो

आहेत ना ताई. ऐंशीच्या पुढे. आता मोबाइलवर नातवाचे फोटो काढतात आणि सगळ्या डोक्यांच्या वर हातभर आभाळ सोडतात. विचारलं तर म्हणतात, कापायला जागा ठेवावी.

रावेरकर_केळीवाला

आमच्याकडे हल्ली प्री-वेडिंगवाले बागेत येतात. केळीच्या बागेत दुपारी फोटो काढलात की नवरानवरी दोघांना कावीळ झाल्यासारखी दिसते. वरची पानं ऊन गाळून हिरवा उजेड खाली सोडतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) कितीही फिरवा, कपाळ सुधारतं तर शर्ट जांभळा होतो. उपाय एकच, जोडप्याला बागेच्या कडेला आणा, मोकळं आभाळ तोंडासमोर येऊ द्या, बाग मागे राहू द्या. मी हे फुकट सांगतो आणि ते घड तुडवून जातात.

धुळ्याची_लेक

माहेर धुळे, सासर रत्नागिरी. तोच कॅमेरा, तीच लेन्स. धुळ्याला एसी गाडीतून उतरून लगेच फोटो काढते, काही होत नाही, हवा कोरडीठाक. रत्नागिरीत एसीतून बाहेर आलं की काच दवाने भरते. पुसली की परत. आता बॅग न उघडता तशीच ओट्यावर ठेवते, चहा होईपर्यंत कॅमेरा बाहेरच्या हवेला सरावतो. मग चेन उघडायची.

कूलरसमोर

कोरडी हवा म्हणून निर्धास्त राहू नका!! लेन्सला फंगस (बुरशी) आपल्याकडे पण होतो आणि तो पावसाळ्यातच होतो असं नाही. माझ्या मित्राची ५० एमएम लेन्स जळगावात ऐन मे महिन्यात गेली. कपाट कूलरच्या थेट समोर. दिवसभर वाळ्याचं ओलं वारं आत. त्यात लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये. काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. केस बघायला सुंदर असते पण चामडं ओल धरून ठेवतं. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, निळे झाले की गार करून परत डब्यात.

वरणबट्टी

तवा वेगळा ठेवा हं, भाकरीचा नको. ते निळे दाणे पोटात जाणं चांगलं नाही.

निंबाचा_पार

निकॉन की कॅनन? 😈

तापीकाठ

झालं सुरू.

सातपुडा_पायी

निकॉन. आणि आता विषय बंद 😀

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी : तिथे लेन्स बदलू नका. घोडा नाचवतात तेव्हा कमरेएवढी धूळ उठते, मऊ पीठच ते. एक झूम लावायची आणि दिवसभर तीच. बदलावीच लागली तर कॅमेऱ्याचं तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे. घरी आल्यावर एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून बघा, सेन्सरवर काय काय बसलंय ते काळ्या ठिपक्यांत दिसेल. एफ ४ ला ते ठिपके दिसतच नाहीत, म्हणून लोक खुशीत असतात. आणि तोंडाने फुंकर मारू नका हो, थुंकी उडते. रबरी ब्लोअर घ्या.

दुसरं. उन्हाळ्यात ३०० एमएमने दुपारी लांबचा फोटो मऊ येतो, लगेच लेन्सला नावं ठेवतात. लेन्स बरी असते. तापलेल्या वावरावरची हवा थरथरते, तिच्यातून कुठलीही लेन्स लावा, तेच होणार. सकाळी नऊच्या आत उरका, नाहीतर जवळ जा.

कापूसकोंडा

आरे भो, लेन्सन्या किमती नका लिखू आठे. मनी बायको वाची राह्यनी.

वरणबट्टी

वाचू द्या की 😄 हं, आता निवांत झाले. माझ्याकडे यांचाच जुना निकॉन डी ३१०० कॅमेरा, यांची हौस फिटली आणि मला मिळाला. आमच्याकडे कानबाई (आपली खान्देशी देवी) बसते. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर जागरण. फ्लॅश मारला की गाणाऱ्या बायका डोळे मिटतात, सूर जातो, सासूबाई रागावतात. म्हणून ५० एमएम एफ १.८ घेतली. उजेडाला उत्तम. पण आमचं माजघर १० बाय १२. या कॅमेऱ्यांत सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची दीडपट होते, म्हणजे ७५ सारखी. भिंतीला पाठ लावून, फडताळात डोकं घालून सुद्धा चौरंगावरचं नारळ आणि नथ एवढंच येतं, बाकीची कानबाई बाहेर! मग भाच्याची ३५ एमएम आणली. तीही १.८ च. आता कानबाई, चौरंग, रोटांचं ताट आणि कडेला लोडाला टेकून डुलक्या घेणारे आमचे हे, सगळं एका फोटोत. लहान घर असेल तर ३५ च घ्या बायांनो, ५० चं कौतुक मोठ्या हॉलवाल्यांनी करावं.

आयएसओ (उजेड टिपायची ताकद) १६०० च्या वर माझ्या कॅमेऱ्यात दाणे येतात. येऊ देत. समईच्या उजेडात दाणे शोभतात असं माझं मत.

धुळ्याची_लेक

वरणबट्टी काकू, रोट कणकेचेच ना? आमच्याकडे चण्याची डाळ घालतात दळताना.

वरणबट्टी

हो गं, आमच्याकडे पण. दळण घरच्या माणसांपुरतंच. निरोप टाकते तुला.

गिरणाकाठची

चाळीसगावकर आहे, आणि अजून कोणी फोटोग्राफर केकी मूस यांचं नाव कसं घेतलं नाही? १९१२ ते १९८९. अख्ख्या हयातीतली कितीतरी वर्षं त्यांनी आमच्या गावातल्या घरात स्वतःला कोंडून घेऊन काढली. टेबलटॉप फोटोग्राफी, म्हणजे टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून, उजेड लावून अख्खं दृश्य उभं करायचं. ना डोंगर चढले ना जंगल हिंडले. स्टेशनजवळच्या त्या घरात त्यांचं काम जपून ठेवलंय. पंजाब मेलच्या वेळेला दार-खिडक्या उघडून कोणाची तरी वाट बघायचे ही गोष्ट गावात प्रत्येकजण सांगतो आणि प्रत्येकाची निराळी असते. माझ्या आजोबांची तर दर दिवाळीला निराळी असायची. मला त्या गोष्टीपेक्षा त्यांची सावली जास्त आवडते. एका दिव्यावर किती काम होतं ते बघायला जा.

सातपुडा_पायी

+१. पाटणादेवीला जाणारे सगळे चाळीसगावहून पुढे निघून जातात.

बुलबुल_नवखा

नमस्कार. बजेट चाळीस हजारांपर्यंत आहे, पक्ष्यांचे फोटो काढायचेत. हतनूर धरणावर जाईन म्हणतो. तोरणमाळला रानपिंगळा दिसतो म्हणे, आवाज लावला की जवळ येतो का?

सातपुडा_पायी

आवाज लावायचा नाही. स्पष्टच सांगतो. १८८४ नंतर तो शंभरावर वर्षं कोणाला पक्का सापडला नव्हता, १९९७ ला आपल्या शहाद्याजवळ परत सापडला. रेकॉर्डिंग ऐकून त्याला वाटतं दुसरा आला हद्दीत, मग सगळं सोडून भांडायला येतो. पिल्लं असली तर ती उपाशी. तुम्हाला मिळतो एक फोटो. आणि तो इतर घुबडांसारखा रात्रीचा नाही, दिवसा उजेडी बसलेला दिसतो. दम धरलात तर दिसेल.

बुलबुल_नवखा

बरं झालं विचारलं. नाही लावणार.

कूलरसमोर

चाळीसमध्ये जुनी बॉडी आणि जुनी ७०-३०० बघा. घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघायचा, फंगस लगेच कळतो. लेन्सचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या ब्लेडवर तेल आहे का तेही बघा. पण हतनूरच्या फुगवट्यावर ३०० सुद्धा तोकडी पडते, बदकं काठापासून फार आत बसतात. चक्रवाक त्यातल्या त्यात कडेला येतो. पैसे आधी दुर्बिणीवर घाला असं मी म्हणेन.

रावेरकर_केळीवाला

हतनूरला येताय तर थंडीत या, पहाटे. चहा माझ्याकडे.

कापूसकोंडा

नुसता चहा? थंडीमा भरीत पाहिजे भो.

रावेरकर_केळीवाला

वांगी बामणोदची आणतो. काड्या तुम्ही गोळा करा, कपाशीच्या.

निंबाचा_पार

मी येतो. कॅमेरा नाही माझ्याकडे, चालेल ना?

रावेरकर_केळीवाला

मग कांद्याची पात निवडायला तुम्ही.