वादळानंतरच्या कांदळवनाच्या संशोधनाला चौथ्या-पाचव्या वर्षी पैसे कोण देतं?

संत्रापट्टा
नमस्कार. मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, लाइफ सायन्सेसमध्ये नेट आहे पण जेआरएफ (संशोधनासाठीची केंद्राची अधिछात्रवृत्ती) हुकली, सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. पीएच.डी.साठी मला रायगडच्या खाड्यांमधल्या कांदळवनावर काम करायचं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष सुपारी-नारळाच्या आडव्या झालेल्या वाड्यांकडे आणि उडालेल्या पत्र्यांकडे गेलं, ते जायलाच हवं होतं. खाडीकाठच्या तिवरा-कांदळांचं (या कांदळवनातल्या दोन वेगळ्या जाती) पुढे काय झालं, हा माझा विषय.

वरुडच्या पोरीला समुद्र काहून, असं घरचेही विचारतात आणि स्टाफरूममध्येही विचारतात. त्याचं कारण आमच्या संत्र्याच्या बागेत आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट झाली तेव्हा पंचनाम्यात गळालेला आंबिया बहार, म्हणजे त्या हंगामाची फुलं-फळं, लिहिला गेला. झाडं उभी होती, म्हणून ती वाचली असं धरलं. पण गारांनी साल फुटली होती. त्या जखमांतून डिंक्या (खोडातून डिंक गळायला लावणारा रोग) शिरला आणि पुढच्या हंगामांत एकेक झाड वाळत गेलं. तोवर पंचनाम्याचा कागद कधीच बंद झाला होता.

कांदळवनांबद्दल वाचायला लागले आणि तेच समोर आलं. वादळात वाहून आलेला गाळ तिवराच्या श्वासमुळांवर (चिखलातून वर येऊन हवा घेणाऱ्या मुळांवर) बसला, तर झाड काही महिने हिरवं दिसतं आणि मग मरतं. तिवर मोडला तरी खोडातून फुटवे येतात. कांदळाचा शेंडा आणि जाड फांद्या मोडल्या, तर जुन्या खोडातून तो सहसा फुटत नाही. म्हणजे वादळानंतर महिनाभरात मोजणी केली तर मेलेली झाडं कमी दिसणार, आणि कुठल्या जातीचं वन टिकलं हेही चुकीचं कळणार. मला तीच झाडं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजायची आहेत.

एके ठिकाणी कच्चा प्रस्ताव दाखवला. शेरा आला की घटना जुनी झाली. मला फार लागलं ते. यासाठी पैसे कुठून मिळू शकतात? तासिकावाल्यांना अर्ज करता येतो का? आणि ‘जुनी घटना’ याला काय उत्तर द्यायचं?

खाडीकाठ
मी रायगडातच कांदळवनात काम करतो. आधी रोखठोक सांगतो. मोठ्या प्रकल्पांना मुख्य संशोधक नियमित नोकरीतला लागतो, त्यामुळे केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे तुमच्या नावानं जाऊ नका, मार्गदर्शकाच्या नावानं जा. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. वनविभागाचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे आणि त्याच्या जोडीला 2015 मध्ये झालेलं मँग्रोव्ह फाउंडेशन. दोन्हीकडे चौकशी करा, संशोधनाचे प्रस्ताव ते बघतात.

तुमच्या पोटापाण्याचा प्रश्न वेगळा. जेआरएफचे 2023 पासून महिन्याला 37,000 झालेत, त्यामुळे वय बसत असेल तर परीक्षा पुन्हा द्या. नाहीतर प्रवर्गाप्रमाणे महाज्योती, बार्टी, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. महाज्योती तर तुमच्या नागपुरातच. पण अधिछात्रवृत्तीत होडीचं भाडं निघत नाही. चिखलात सोबत उतरणाऱ्या गावातल्या माणसाची मजुरी आणि होडी हे दोन खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. नवखे लोक उपकरणं लिहितात आणि हेच विसरतात. जमिनीची उंची मोजायचे दांडे रोवणार असाल तर ती वाढ मिलिमीटरात असते, दोन-तीन वर्षांच्या आत त्यावर काही बोलता येत नाही. सरकारी जमिनीवरचं बरंचसं कांदळवन राखीव वन आहे, म्हणून वनविभागाच्या परवानगीचा अर्ज आजच टाका.

आता ‘जुनी घटना’. सेंटिनेल-2 उपग्रहाची 10 मीटर बारकाव्याची चित्रं फुकट आहेत, 2020 च्या आधीचीही. वादळापूर्वीचं वन कसं होतं ते तुमच्या हातात आहे. शिवाय मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला समांतर गेलं. प्रस्तावाच्या नावातून ‘निसर्गनंतर’ काढा आणि कायमचे मोजणी-पट्टे (तीच झाडं पुन्हा पुन्हा मोजायला आखलेल्या जागा) असं लिहा, म्हणजे पुढचं वादळ आलं तरी तुमचे पट्टे तिथेच असतील. अमेरिकेत आपत्तीनंतर लगेच माहिती गोळा करायला वर्षभराची झटपट अनुदानं असतात. ती चांगलीच, पण उशिरा मरणारं झाड त्यात सापडणार नाही, हा तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे.

जुना मोर्शीकर
पोरी, समुद्राचं मले काही कळत नाही, पन डिंक्याची गोठ सोळा आने खरी हाये. पंचनाम्यात फळ मोजते, झाड कोनी मोजत नाही. माह्या बागेतही तसंच झालं. तू हे तुह्या कागदात लिव्ह, लाजू नको. आन् एक सांगतो, तिथं मासोळी धरनाऱ्याइले आधी विचार. कोनतं झाड कवा वाळलं हे आपल्याकडं जसं सालदाराले, सालभर वावरात राबनाऱ्या गड्याले, ठाऊक असते, तसं त्याइले ठाऊक असन.

अकोला_वाचक
विषय चांगला आहे, पण मनापासून विचारतो. वादळात ज्यांची घरं गेली त्यांना पैसा आधी नको का? झाडं मोजण्यावर का खर्च करायचा?

संत्रापट्टा
दादा, घरांना आधीच मिळायला हवा, त्याबद्दल दुमत नाही. तो मदतीचा पैसा आहे, त्यातला रुपयाही मी मागत नाही. पण पुढचं वादळ आलं तर कोणतं गाव कशाच्या आडोशाला आहे हे माहीत नको का? 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळावर सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केंद्रापाडा जिल्ह्यातली गावं तपासली. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये जिथे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथे माणसं कमी दगावली होती. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यानं त्याहून जास्त जीव वाचले, हेही त्यांनी लिहिलंय. हा अभ्यास छापून आला 2009 मध्ये, वादळानंतर दहा वर्षांनी. घटना जुनी म्हणून तो कोणी केलाच नसता, तर झाडांचा पट्टा माणसाच्या जिवाशी कसा जोडलेला आहे हे आकड्यांत कुणी दाखवलं असतं?

काका, मच्छीमारांच्या मुलाखतींचं वेगळं प्रकरण घालते. सालदाराचं तुम्ही बोललात ते पटलं, गाळ कुठे आणि कधी साचला हे उपग्रहाच्या चित्रापेक्षा त्यांना नीट सांगता येईल.

खाडीकाठ सर, पट्ट्यांचं नाव बदलते आणि चित्रं आजपासूनच उतरवायला घेते. एक अडचण उरली. नोंदणी मला अमरावती विद्यापीठातच करावी लागेल, घर आणि तासिका सोडून कायमचं कोकणात राहणं जमणार नाही. इथल्या मार्गदर्शकांचा हात सागवान आणि बांबूवर बसलेला आहे. किनाऱ्यावरचे कोणी सहमार्गदर्शक घेता येतात का?

खाडीकाठ
येतात. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो, विद्यापीठाची मान्यता लागते. त्यांचं संमतीपत्र नोंदणीच्या आधी हातात घ्या. आणि येणार असाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या, मोठी ओहोटी लागते, आतल्या कांदळांपर्यंत चालत जाता येईल. पाऊस सुरू व्हायच्या आत पट्टे आखून टाकू.