कॉर्नवॉलच्या पडक्या कथील खाणी: बाबांना दाखवण्यासारखं आहे का काही?

पावसाळी_ब्रिस्टल:
मंडळी सल्ला हवाय. आईबाबा दीड महिन्यासाठी आलेत इकडे, पुढच्या वीकेंडला कॉर्नवॉलला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, न्यायचं चाललंय आणि माझ्या डोक्यात बोटॅलक आणि गीव्हर आहे, म्हणजे त्या जुन्या टिनच्या खाणी, कड्यावर दगडी इंजिन हाऊस आणि खाली समुद्र, फोटो पाहिलाच असेल सगळ्यांनी. बाबांना दाखवला तर म्हणाले, "अरे हे तर गिरणीचं धुराडं, यासाठी चार तास गाडीत बसायचं? लालबागला खिडकीतून फुकट दिसायचं." बाबा गिरणीत स्पिनिंगला होते, ८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. मी म्हटलं २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तर म्हणे त्यांना काय, ते कशालाही देतात. आता खरं सांगू का, मलाही नीट सांगता येईना की किल्ला नाही, देऊळ नाही, बंद पडलेल्या खाणीत वारसा नक्की कसला?

वाफेचा_माणूस:
बाबांना धुराडं दाखवूच नका, भिंत दाखवा! मी मेकॅनिकलवाला आहे म्हणून जरा लांबण लागेल, सॉरी. तुम्हाला वाटतं मशीनवर ऊन-पाऊस नको म्हणून इमारत बांधली, तसं नाहीये ते. इंजिन हाऊसच्या चार भिंतींपैकी एक मुद्दाम जास्त जाड असते, तिला तिकडे बॉब वॉल म्हणतात, त्या भिंतीच्या डोक्यावर कित्येक टनांची बीम टेकवलेली असायची, सीसॉसारखी, अर्धी आत अर्धी बाहेर. आतलं टोक वाफेच्या सिलिंडरला, बाहेरचं टोक शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, खोल गेलेल्या दांड्याला, आणि तो दांडा दिवसरात्र वरखाली होत खाणीतलं पाणी उपसणार. म्हणजे ती भिंत हाच मशीनचा सांगाडा. खाण बंद पडली की इंजिन विकलं किंवा भंगारात दिलं, भिंत कोण नेणार? म्हणून त्या उरल्या. रेल्वेवाला ट्रेविथिक याच भागातला, जास्त दाबाची वाफ वापरायचं वेड त्याला खाणींच्या पंपांमुळेच लागलं, कारण इथे कोळसा नव्हताच, सगळा वेल्सहून बोटीने यायचा आणि महाग पडायचा, जास्त दाबाने तो कमी लागायचा.
बोटॅलकपासून पुढे लेव्हंटच्या खाणीवर जा. तिथे १८४० चं बीम इंजिन जागच्या जागी आहे, हौशी म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून परत वाफेवर चालू केलंय. कुठल्या दिवशी चालवतात ते आधी बघून घ्या. गिरणीतला माणूस आहे, तेलाचा वास आला की आपोआप आत जाईल.

खवचट_खेकडा:
भिंतीचं कौतुक झालं असेल तर माणसांचंही बघा. त्याच लेव्हंटला मॅन इंजिन होतं, म्हणजे शाफ्टमध्ये वरखाली होणारा लांबच लांब दांडा आणि त्याला पायऱ्या, कामगार त्यावरून टप्प्याटप्प्याने चढायचे. २० ऑक्टोबर १९१९ ला शिफ्ट सुटून लोक वर येत असताना तो वरच्या जोडापाशी तुटला. ३१ माणसं गेली. आणि बोटॅलकला कड्याच्या वर तो नागमोडी दगडी बोळ दिसतो ना, लोक पोरांना त्यात उभं करून फोटो काढतात, ती आर्सेनिक गोळा करायची जागा आहे. खनिज भाजलं की आर्सेनिकचा धूर त्या बोळांतून फिरवायचे, भिंतींवर पांढरी भुकटी साचायची आणि माणसं आत शिरून ती खरवडायची, नाकात कापसाचे बोळे आणि तोंडाला माती फासून. बस, एवढंच संरक्षण.
आता तिथे काय, समुद्र, सूर्यास्त, आईस्क्रीमची गाडी. गावातल्या पोरांना घर परवडत नाही कारण कितीतरी घरं बाहेरच्यांची सुट्टीची. वारसा म्हणजे श्रीमंतांची बॅकग्राउंड झालीय, राग मानू नका.

वाफेचा_माणूस:
खेकडेभाऊ मुद्दा मान्य, पण मग काय पाडून टाकायचं का? ते बोळ उभे आहेत म्हणून तर तुम्ही हे सांगू शकलात.

कोलारचा_पाहुणा:
मी बंगळूरला असतो. कोलारच्या सोन्याच्या खाणी काढल्या त्या जॉन टेलर अँड सन्सने, १८८० च्या सुमारास, आणि त्यांनी माणसं आणली ती याच कॉर्नवॉलची. तिकडे मलायाचं आणि ऑस्ट्रेलियाचं स्वस्त टिन आलं, भाव पडला, खाणी बंद, मग हे लोक जगभर पांगले. खड्डा दिसला की तळाशी एक कॉर्निश माणूस असणारच असं गमतीने म्हणायचे. म्हणजे एका जागच्या बंद खाणीने दुसऱ्या जागची खाण चालवली. कोलार २००१ ला बंद झालं, तीन किलोमीटरहून खोल शाफ्ट पाण्याने भरलेत, वर सायनाइडच्या मातीचे डोंगर, वारा सुटला की गावभर धूळ. मी बघायला गेलो तर गेटवरून परत पाठवलं. तेव्हा खेकडेसाहेब, आईस्क्रीमची गाडी एवढी वाईट नाही हो.

पितळी_डबा:
आईंना कोणी विचारलंच नाही 🙂 त्यांना सांगा की टिन म्हणजे आपलं कथील, कल्हईवालं. लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा, भाता मारून पातेलं तापवायचं, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गरकन फिरवलं की आतून चांदीसारखं लख्ख. ते कथील जमिनीतून निघतं कसं हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. आणि संस्कृतमध्ये कथलाला कस्तीर, ग्रीकमध्ये कासितेरोस, कोणी कोणाकडून घेतलं देव जाणे.

पावसाळी_ब्रिस्टल:
जाऊन आलो, अपडेट देतो. बोटॅलकला वारा इतका की आई गाडीतून उतरलीच नाही. बाबांना भिंत दाखवली, हात लावून "हं" म्हणाले. मग मी सांगितलं की खाण समुद्राच्या तळाखाली गेलेली, वादळात कामगारांना डोक्यावर दगड घरंगळताना ऐकू यायचे, तेव्हा जरा थांबून खाली बघत राहिले.
पण खरं गीव्हरला झालं. ती अगदी अलीकडची, १९८५ ला टिनचा भाव कोसळला आणि १९९० ला बंद, पुढच्या वर्षी पंपही थांबवले. तिथे कामगारांची कपडे बदलायची जागा तशीच ठेवलीय, लॉकर, त्यावर चिकटवलेले स्टिकर, शॉवर. बाबा एका लॉकरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा डबा राहिला रे आत." मला वाटलं गाडीत डबा विसरले. मग कळलं गिरणीतला म्हणतायत, संपाच्या आदल्या दिवशी ठेवलेला, पितळी, नाव कोरलेला. चाळीस वर्षांत घरात कधी बोलले नव्हते. तिथला गाइड स्वतः जुना खाणकामगार, बाबांचं इंग्रजी यथातथा, तरी दोघं अर्धा तास हातवारे करत बोलत होते, बहुतेक पगाराबद्दल.
लेव्हंट राहिलं, इंजिनचा दिवस नव्हता. बाबा विचारतायत परत कधी जायचं. आणि पेन्झान्समध्ये अंड्याशिवायची व्हेज पेस्टी (ती तिकडची करंजीसारखी भरलेली) कुठे मिळते कोणाला माहीत आहे का, आईने फक्त चिप्स खाल्ले.