लुडाक्रिस: आधी गाडीतून विकलेला अल्बम, मग कंपनी

अमेरिकन रॅपर लुडाक्रिसला डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीने घडवलं, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. लुडाक्रिस, म्हणजे खऱ्या नावाने क्रिस ब्रिजेस, आधी अटलांटातल्या रेडिओवर 'क्रिस लोव्हा लोव्हा' नावाने कार्यक्रम करायचा. कोणत्या ओळीला लोक फोन करतात, कुठे हसतात, हे त्याला रोज ऐकायला मिळत होतं. पहिला अल्बम 'इनकॉगनीग्रो' त्याने स्वतःच्या बळावर काढला आणि गाडीच्या डिकीतूनही विकला. अटलांटात तो गाजल्यावर डेफ जॅमच्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या शाखेचा प्रमुख, रॅपर स्कारफेस, त्याच्याकडे आला. २००० साली आलेल्या 'बॅक फॉर द फर्स्ट टाइम'मधली बरीचशी गाणी त्याच जुन्या अल्बममधली आहेत! कंपनीने ती देशभर पोहोचवली, एवढं श्रेय तिला जरूर द्या.

आणि त्याच्या विनोदाला 'नुसता आचरटपणा' म्हणतात, तेही खरं नाही हो. उच्चार मुद्दाम ताणायचा, शेवटच्या शब्दाला ऐकणाऱ्याला चकवायचं आणि तरी ताल तसूभरही सुटू द्यायचा नाही, याला जबरदस्त तयारी लागते. त्याच्या 'सदर्न हॉस्पिटॅलिटी' या गाण्यात नेपच्यून्स या निर्मात्या जोडीचा ठोका इतका मोकळा आहे की सगळा भार आवाजावरच येतो, आणि तो आवाज पुरून उरतो. दक्षिणेच्या रॅपर्सना शब्दांची जाण नाही म्हणणाऱ्यांना मी हेच गाणं ऐकवतो.

पुढे 'रिलीज थेरपी'ला २००७ मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्यातलं गायिका मेरी जे. ब्लाइजसोबतचं 'रनअवे लव्ह' जरूर ऐका. छळाला कंटाळून घर सोडू पाहणाऱ्या लहान मुलींवरचं गाणं आहे, आणि त्यात तो एकदाही हसवायला जात नाही.